एकच गाणं, दोन अंगणं

१९७७ सालच्या 'हार्ट ऑफ द काँगोज' या रेगे अल्बममध्ये मधूनच गाय हंबरते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हेडफोन काढून खिडकीतून खाली पाहिलं. रस्त्यावर गाय नव्हती. ती गाण्यात होती, आणि खरं म्हणजे तिथेही नव्हती. चांदीचा कागद लावलेल्या पुठ्ठ्याच्या नळीतून वॉटी बर्नेट या खर्जातल्या गायकाने तो आवाज काढला होता, असं सांगतात. ध्वनिमुद्रण करणाऱ्या ली 'स्क्रॅच' पेरी यांना गाण्यात गोठ्याची जाग हवी होती, आणि हवी असलेली गोष्ट आवाजातून उभी करणं हेच त्यांचं काम होतं.

या अल्बमचं पहिलंच गाणं आहे 'फिशरमन'. कोळ्याला वल्हव म्हणणारं गाणं. किनाऱ्यावर भुकेली पोरं वाट पाहत आहेत, येशूच्या शिष्यांमधले कोळीही गाण्यात येऊन जातात, आणि या सगळ्यावर एक पातळ, उंच, जवळजवळ बाईचा वाटावा असा पुरुषी आवाज तरंगत असतो. तो आवाज सेड्रिक मायटन यांचा. जन्म १९४७ चा, म्हणजे तेव्हा ते तिशीत होते.

चाळीसेक वर्षांनी, सत्तरी ओलांडल्यावर, मायटन यांनी हेच गाणं पुन्हा गायलं. या वेळी जमैकाची राजधानी किंग्स्टनच्या वरच्या डोंगरातल्या एका घराच्या मोकळ्या ओट्यावर. भोवती गिटारी, हातांनी वाजवायचे ढोल, साथीला बसलेले जुने जाणते गळे, आणि वर आभाळ. या उपक्रमाचं नाव 'इना दे यार्ड'. जमैकन बोलीत 'इना' म्हणजे 'च्या आत'. अंगणात, एवढाच त्याचा अर्थ.

ही दोन मुद्रणं मी गेले काही महिने आळीपाळीने ऐकतो आहे आणि दर वेळी चकित होतो. एकाच माणसाने गायलेलं एकच गाणं, पण पहिल्यात यंत्राने जे जे करता येईल ते सगळं केलं आहे आणि दुसऱ्यात जे जे काढून टाकता येईल ते सगळं काढून टाकलं आहे. तरीही गाणं तेवढंच भरलेलं राहतं. हे होतं कसं?

आधी पेरींच्या स्टुडिओत जाऊ. १९७३ साली त्यांनी किंग्स्टनच्या वॉशिंग्टन गार्डन्स भागात 'ब्लॅक आर्क' नावाचा स्टुडिओ बांधला. यंत्रसामग्री मोजकी. मुख्य टेपरेकॉर्डर चार ट्रॅकचा, म्हणजे चार आवाज स्वतंत्रपणे नोंदवता येतील असा. त्याच काळात लंडन-न्यूयॉर्कच्या स्टुडिओंत सोळा आणि चोवीस ट्रॅक सर्रास वापरात होते. चारच खण असले की माणूस काय करतो? ढोल, बास, गिटार भरून झाले की ते एकत्र करून एकाच खणात ओततो, आणि मोकळ्या झालेल्या खणांत नवे आवाज भरतो. मग पुन्हा ओततो. प्रत्येक वेळी टेपची थोडी खरखर वाढते, कडा थोड्या झिजतात. शिकलेला इंजिनियर या झिजेला दोष म्हणेल. पेरींनी तिचा रंग केला. 'हार्ट ऑफ द काँगोज'वर जे धुकं पसरल्यासारखं वाटतं, त्यातलं बरंचसं या ओताओतीतून आलेलं आहे.

त्या धुक्यात त्यांनी आणखी दोन गोष्टी मिसळल्या. एक रोलँड कंपनीचं टेप-एको यंत्र. त्यात टेपचा एक गोल तुकडा सतत फिरत असतो. एका ठिकाणी आवाज त्यावर लिहिला जातो आणि पुढे ओळीने बसवलेल्या कानांपाशी तो थोड्या थोड्या उशिराने पुन्हा वाचला जातो. त्यामुळे एक हाक दरीत घुमत जावी तशी घुमते. दुसरं यंत्र फेझर. ते आवाजाचे दोन भाग करतं, एका भागाला कणभर मागे-पुढे सरकवत राहतं आणि दोन्ही पुन्हा एकत्र करतं. काही कंपनं एकमेकांना खोडतात, काही उचलून धरतात, आणि झांजांचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा डुलतो. बोरिस गार्डिनर यांचा बास आणि अर्नेस्ट रँग्लिन यांची गिटार या पाण्यातून ऐकू येतात. कोळ्याच्या गाण्याला याहून योग्य जागा कुठली असेल!

आता ओट्यावर येऊ. इथे एको नाही, फेझर नाही, आणि मुख्य म्हणजे भिंतीही नाहीत. भिंती नसणं ही साधी गोष्ट वाटते, पण गाणाऱ्याच्या दृष्टीने ती फार मोठी आहे.

खोलीत गाताना आपण एकटे गात नसतो. गळ्यातून निघालेला आवाज भिंतीवर, छतावर, फरशीवर आपटून काही हजारांश सेकंदांत परत येतो आणि मूळ आवाजाला जाऊन मिळतो. न्हाणीघरात प्रत्येकाला आपण बरे गातो असं वाटतं ते यामुळेच. उघड्यावर हा आधार मिळत नाही. आवाज गेला तो गेला. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाजाची तीव्रता चौथ्या हिश्श्यावर येते. एक मीटरवर जी होती ती चार मीटरवर सोळावा हिस्सा उरते. म्हणून उघड्यावर गाणारी माणसं आपोआप एकमेकांच्या जवळ सरकतात, गोल करून बसतात, एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. स्टुडिओत गायक काचेच्या पलीकडे कानांवर हेडफोन लावून उभा असतो आणि वादक अलीकडे. कित्येकदा दोघांचं मुद्रण वेगवेगळ्या दिवशी होतं. अंगणात तसं चालत नाही. एकाच्या माइकमध्ये दुसऱ्याचा ढोल शिरतोच. एक चुकला तर सगळ्यांनी पुन्हा वाजवायचं. त्यामुळे या मुद्रणांत वादक गायकाचा श्वास ऐकून ठेका किंचित थोपवतात, हे कानाला स्पष्ट जाणवतं. चार खणांत ओतून केलेल्या कामात हे येऊ शकत नाही, मग कारागीर कितीही प्रतिभावान असो.

आणि खर्जाचं काय? रेगे म्हटलं की पहिल्यांदा आठवतो तो बास, छातीत वाजणारा. बास गिटारची सगळ्यांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा थरथरते. त्या ध्वनीची एक लाट सुमारे साडेआठ मीटर लांब असते, एका मोठ्या दिवाणखान्यापेक्षाही लांब. मायटन यांच्या उंच सुराची लाट जेमतेम हातभर. हातभर लाट हवेत सहज उठते. गळ्याएवढं छोटं यंत्र त्याला पुरतं. साडेआठ मीटरची लाट उठवायला फार मोठी वस्तू हलवावी लागते. शिवाय आपला कान हळू आवाजातला खर्ज नीट ऐकतच नाही. खोलीच्या भिंती निदान खर्जाला कोंडून धरतात. मैदानात तोही आधार नाही.

इथेच मला रेगेच्या इतिहासातली एक सुंदर उकल सापडली असं वाटतं. १९५० च्या दशकात किंग्स्टनमध्ये 'साउंड सिस्टीम' निघाल्या. रेकॉर्ड वाजवणारा माणूस, दणदणीत ॲम्प्लिफायर आणि कपाटाएवढे स्पीकर. या स्पीकरच्या पेट्यांना 'हाउस ऑफ जॉय' म्हणत, आनंदाचं घर. नाच व्हायचे ते बरेचसे उघड्या आवारांत, ज्यांना तिथे 'लॉन' म्हणत. उघड्या आवारात खर्ज विरून जातो, म्हणून पेट्या मोठ्या झाल्या. पेट्या मोठ्या झाल्या म्हणून त्यांना साजेसा बास गाण्यांत आला. आणि साउंड सिस्टीम चालवणारेच पुढे रेकॉर्ड काढू लागल्याने तो बास गाण्याच्या मुळाशी जाऊन बसला. म्हणजे ज्याला आपण स्टुडिओची, विजेची किमया समजतो, त्यामागेही मोकळ्या आभाळाने घातलेलं कोडंच होतं. गोव्यात २०१६ साली सुरू झालेल्या 'गोवा सनस्प्लॅश' या रेगे महोत्सवात ज्यांनी उघड्यावर साउंड सिस्टीमसमोर उभं राहून अंगावर खर्ज घेतला असेल, त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही.

'यार्ड' हा शब्दही नीट समजून घेतला पाहिजे. आपल्या अंगणात तुळस असते आणि ते एका घराचं असतं. किंग्स्टनचं यार्ड चाळीच्या चौकाला जास्त जवळचं. चारी बाजूंनी खोल्या, मध्ये मोकळी जागा, एक नळ, एक चूल, आणि सगळ्यांचं जगणं सगळ्यांसमोर. ट्रेंच टाउन या वस्तीत १९४० च्या दशकात सरकारने अशी यार्डं बांधली. त्यांतल्याच एका यार्डात जो हिग्ज नावाचे गायक शेजारपाजारच्या मुलांना सुरावटी बांधायला शिकवत. पैसे घेत नसत. बॉब मार्ले, पीटर टॉश आणि बनी वेलर ही मुलं तिथेच तयार झाली. तिघांनी तीन पट्ट्यांत एकत्र गायचं ही जमैकन रीत अशा चौकांतच घोटली गेली, आणि मायटन यांचा काँगोज हा गट त्याच रीतीचं फळ: वर मायटन, मध्ये रॉयडेल जॉन्सन, खाली बर्नेट. परदेशी गेलेला जमैकन आजही आपल्या देशाला नुसतं 'यार्ड' म्हणतो. पूर्ण देशाला अंगण म्हणणारी भाषा मला दुसरी माहीत नाही.

'इना दे यार्ड'ची सुरुवातही एका खऱ्याखुऱ्या अंगणात झाली. अर्ल 'चिना' स्मिथ हे जमैकातले फार मोठे गिटारवादक. सत्तरच्या दशकातल्या अगणित रेकॉर्डवर त्यांची गिटार आहे, पण मुखपृष्ठावर नाव नसल्याने जगाला ते कमी माहीत. त्यांच्या किंग्स्टनमधल्या घरापुढच्या अंगणात जुने गायक-वादक जमत, गिटार आणि ढोलांवर गात बसत. २००० च्या दशकाच्या मध्यावर 'मकासाउंड' या लहानशा फ्रेंच कंपनीने ठरवलं की हे असंच्या असं मुद्रित करायचं. स्टुडिओ घ्यायचा नाही, वाद्यं वाढवायची नाहीत. मोठ्या कंपन्यांना न सुचलेली ही गोष्ट पॅरिसच्या दोन-चार वेड्या रसिकांना सुचली, याबद्दल मी त्यांचा कायमचा ऋणी आहे.

त्या अंगणात २००७ च्या सुमारास ज्युनियर मर्विन येऊन बसले. 'पोलीस अँड थीव्ज' हे १९७६ चं त्यांचं गाणं इंग्लंडमध्ये गाजलं आणि पुढच्याच वर्षी द क्लॅश या पंक बँडने ते आपल्या पहिल्या अल्बममध्ये गायलं. मर्विनही असेच उंच पातळ आवाजाचे, आणि त्यांचंही ते गाणं ब्लॅक आर्कमध्येच झालेलं. २०१३ साली मर्विन गेले. त्यांचं ते अंगणातलं गाणं मुद्रित झालं नसतं तर यंत्राच्या धुक्याविना त्यांचा आवाज कसा होता हे आपल्याला कधी कळलंच नसतं.

स्मिथ यांच्या अंगणातल्या त्या मुद्रणांत खर्जाचा प्रश्न ज्या वाद्याने सोडवला, ते रेगेहून जुनं आहे. रास्ताफारी पंथाच्या लोकांच्या 'नायाबिंगी' मेळ्यांत तीन ढोल वाजतात. मोठा ढोल 'बास', मऊ गोळा बांधलेल्या काठीने वाजवायचा. तो धम्म असा लांबवर रेंगाळतो. मधला 'फुंडे', हाताने, न थकता एकच लय धरून ठेवणारा: धड-धड, थांबा, धड-धड, थांबा. ऐकणाऱ्याला आपलंच हृदय आठवतं. आणि तिसरा लहान, ताणलेल्या चामड्याचा 'रिपीटर', जो वर मनसोक्त बोलतो. या ढोलांची मुळं आफ्रिकेतून आणलेल्या माणसांच्या बुरू आणि कुमिना या परंपरांत आहेत. काउंट ऑसी नावाच्या ढोलवादकाने किंग्स्टनच्या पूर्वेकडच्या वारेका डोंगरात आपल्या वस्तीवर हा ठेका सांभाळला आणि १९६० च्या आसपास 'ओ कॅरोलायना' या गाण्यात तो पहिल्यांदा लोकप्रिय रेकॉर्डवर आला. तेव्हा रेगेच्या आधीचा 'स्का' हा संगीतप्रकार जन्माला येत होता. रेगे हे नाव रूढ व्हायला अजून आठेक वर्षं होती.

आता ठेक्यातली गंमत. रेगेच्या प्रसिद्ध 'वन ड्रॉप' ठेक्यात चार मात्रा असतात. आपल्या कानाला सवय असते पहिल्या मात्रेवर वजन पडण्याची. समेवर यायचं ते हात आपटूनच. वन ड्रॉपमध्ये पहिली मात्रा रिकामी. पायाचा ढोल आणि काठी दोन्ही तिसऱ्या मात्रेवर एकदम पडतात. जिथे पाऊल टाकायचं तिथे जमीनच नाही, आणि पुढच्या क्षणी ती येते. ज्यांनी आपला रूपक ताल ऐकला आहे, त्यांना हे ओळखीचं वाटेल. रूपकात सम 'खाली'वर असते. समेवर टाळी द्यायला उचललेला हात मोकळा सोडावा लागतो, आणि त्यामुळे ताल कुठे बसत नाही, पुढे चालतच राहतो. कॅरिबियन समुद्रातल्या बेटावरच्या वादकांना रूपक माहीत असण्याचं कारण नाही. तरी पोकळीवर ताल उभा करायची युक्ती दोन्हीकडे सापडावी, याचं मला अपार कौतुक वाटतं.

गिटार मग उरलेल्या फटी भरते. उलट्या मात्रांवर एक छोटा ठोका द्यायचा आणि तार लगेच बोटांनी दाबून गप्प करायची. विजेच्या गिटारवर हा ठोका 'च्यक्' असा कोरडा येतो. लाकडी गिटारवर तसा येत नाही. लाकूड दाबलं तरी थोडं बोलतंच. म्हणून अंगणातल्या रेगेत त्या उलट्या ठोक्याला ऊब येते, आणि ज्या सुरावटी बासच्या गडगडाटात दबून गेल्या होत्या त्या वर येतात. 'फिशरमन'ची चाल मुळात किती प्रार्थनेसारखी आहे, हे मला ओट्यावरच्या मुद्रणात कळलं. ब्लॅक आर्कमध्ये ती समुद्रासारखी होती.

मायटन यांच्या गळ्याकडे मी मुद्दाम शेवटी येतो आहे, कारण ती सगळ्यांत मोठी नवलाई आहे. पुरुषाच्या त्या उंच आवाजाला फॉल्सेटो म्हणतात. नेहमीच्या आवाजात स्वरतंतू पूर्ण जाडीने एकमेकांवर आपटतात. फॉल्सेटोत ते ताणले जातात, लांब-पातळ होतात, आणि फक्त त्यांच्या कडा थरथरतात; दोन्ही तंतू पुरते मिटतही नाहीत, थोडी हवा निसटत राहते. म्हणून त्या आवाजात एक हलका वारा असतो. आता म्हातारपण काय करतं? तंतूंमधला स्नायू झिजतो, कडा वाकतात, मध्ये फट राहते. बहुतेक पुरुषांचा बोलण्याचा सूर उतारवयात थोडा वर सरकतो आणि आवाजात वारा शिरतो. खर्जातल्या गायकाला हे वय लपवता येत नाही. मायटन यांच्या गाण्यात मात्र वारा पहिल्यापासूनच होता. सत्तरी पार केलेल्या या आवाजात सूर जरा कमी टिकतात, काही जागांना ते वळसा घालून जातात, पण धाटणी मोडत नाही. तिशीत जो आवाज देवदूताचा वाटत होता तो आता एका आजोबांचा वाटतो. आणि भुकेल्या पोरांची काळजी आजोबांच्या तोंडी जास्त खरी वाटते, हे माझं मत मी इथे ठामपणे लिहून ठेवतो.

या ओट्यावर मायटन एकटे नव्हते. केन बूथ होते. १९७४ साली त्यांचं 'एव्हरीथिंग आय ओन' इंग्लंडच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होतं, आणि गंमत म्हणजे गाताना ते 'एव्हरीथिंग' म्हणतच नाहीत, सगळीकडे 'एनीथिंग' म्हणतात. १९७८ च्या 'रॉकर्स' चित्रपटात दिसलेले किडस आय होते, विन्स्टन मॅकअनफ होते, मार्लेंच्या पाठीशी गाणाऱ्या आय-थ्रीजपैकी जुडी मोवॅट होत्या. 'द सोल ऑफ जमैका' हा अल्बम २०१७ साली आला, दुसरा २०१९ साली, आणि त्याच वर्षी पीटर वेबर यांचा माहितीपटही. त्याआधी काही महिने, नोव्हेंबर २०१८ मध्ये, युनेस्कोने जमैकाच्या रेगेला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं होतं.

या गाण्यांशी आपलाही एक जुना धागा आहे. मायटन हे सेंट कॅथरिन परगण्यातले. त्याच परगण्याच्या किनाऱ्यावर ओल्ड हार्बर बे नावाचं कोळ्यांचं मोठं गाव आहे, आणि मे १८४५ मध्ये कलकत्त्याहून निघालेलं 'ब्लंडेल' हे जहाज तिथेच लागलं. गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते, म्हणून करारावर आणलेले हिंदुस्थानी लोक त्यात होते. पुढच्या सत्तर वर्षांत सुमारे ३६,००० माणसं अशी गेली, बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारची. त्यांच्याबरोबर एक शब्द गेला, तो आज जमैकन बोलीत इतका मुरला आहे की त्याचं मूळ कुणी विचारत नाही: गांजा. रास्ताफारी लोकांनी त्याला पूजेचा मान दिला आणि जगभरच्या गाण्यांत तो आपल्याच उच्चाराने ऐकू येतो. कुठला शब्द कुठे जाऊन रुजेल सांगता येत नाही.

'हार्ट ऑफ द काँगोज'चं नशीब सुरुवातीला खोटं निघालं. जमैकात थोड्याच प्रती छापल्या गेल्या, आणि ज्या बड्या कंपनीकडून जगभर प्रकाशनाची आशा होती तिने तो नीट बाजारात आणलाच नाही. मायटन आणि पेरी यांच्यात दुरावा आला. काही वर्षांत ब्लॅक आर्क जळून खाक झाला. अल्बमला खरी मान्यता मिळाली ती १९९६ साली, मँचेस्टरच्या 'ब्लड अँड फायर'ने तो पुन्हा काढला तेव्हा. म्हणजे तिशीत गायलेल्या गाण्याचं श्रेय मायटन यांना पन्नाशी गाठताना मिळालं. सत्तरीत ते पुन्हा गाताना त्यांच्या चेहऱ्यावर कडवटपणा दिसत नाही. दिसतो तो जुना मित्र भेटल्याचा आनंद.

मी वर दोन मुद्रणांत फरकच फरक सांगितला. एक साम्य मला फार उशिरा लक्षात आलं. ब्लॅक आर्क म्हटलं की डोळ्यांसमोर काहीतरी कारखान्यासारखं येतं. तसं ते नव्हतं. पेरींनी तो स्टुडिओ स्वतःच्या राहत्या घराच्या परसात बांधला होता. मुलं खेळत, शेजारी डोकावत, रास्ता मंडळी दिवसभर बसून असत, आणि गायक आधी बाहेर झाडाखाली चाल बसवून मग आत जात. टेपवरचं ते सगळं धुकं, त्या घुमणाऱ्या हाका, नळीतून हंबरणारी गाय, हे सारं एका माणसाने आपल्या छोट्याशा खोलीत पुन्हा मोकळी जागा उभी करायला केलेले प्रयत्न होते, असं मला आता वाटतं. भिंती नाहीशा करायच्या म्हणून त्याने एको लावला. चार दशकांनी मायटन यांना तो लागला नाही, कारण भिंती नव्हत्याच.

त्यामुळे वाचकांना माझी एक विनंती आहे. आज रात्री आधी १९७७ चं 'फिशरमन' ऐका, चांगल्या हेडफोनवर, दिवा मालवून. मग हेडफोन काढा, फोनचा छोटा स्पीकर पुरे, आणि 'इना दे यार्ड'मधलं मायटन यांचं 'रो फिशरमन' गच्चीवर किंवा गॅलरीत जाऊन ऐका. खोलीत ऐकू नका.